सतरा नंबरची बाटली

माणूस जातो, पण त्याचं संशोधन चिरंतन राहतं.

हे वाक्य तुझ्या शोकसभेत तीन वक्त्यांनी म्हटलं, वैजू, आणि तिघांपैकी एकालाही तुझं संशोधन काय होतं ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते चिरंतन राहू नये म्हणून तू गेलं वर्षभर माझ्याशी भांडत होतीस. चौथा वक्ता म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवून खाली बसलो. लोकांना वाटलं, हुंदका दाटला. हुंदका होताच, नाही असं नाही. पण तो तुझ्या फोटोखालची ओळ वाचून आला होता. फ्लेक्सवर छापलं होतं, 'दुधातील रोगसूचक प्रथिनाच्या थोर संशोधिका'. फोटो सत्काराच्या दिवशीचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर जे काही आहे त्याला प्राचार्य कृतार्थता म्हणाले. तो फोटो निघाला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तू ओठ न हलवता म्हणाली होतीस, "दिगू, हे प्रथिन आपल्याला सापडलेलं नाही. नारळ परत करता येतो का बघ."

आज बारावा दिवस. मी अजूनही सकाळी प्रयोगशाळेत दोन कप ठेवतो. हे मी हळवेपणानं सांगत नाहीये. दुसरा कप मला दिसतो तेव्हा मी खरोखर दचकतो. सत्तावीस वर्षं एका बाकावर काम केल्यावर हाताला सवय लागते आणि हाताला बातम्या उशिरा कळतात.

त्या बुधवारी अडीच वाजता तू स्टुलावर बसून मुलांच्या जर्नलांवर सह्या करत होतीस. "डोकं फार चढलंय," म्हणालीस. मी म्हटलं, चहा घे. तू म्हणालीस, "चहा राहू दे, तो कंट्रोल लाव." मी म्हटलं, "उद्या लावतो." तू हसलीस. पेनाला टोपण लावलंस. आणि बाजूला अशी झुकलीस की मला वाटलं, खाली काहीतरी पडलंय ते उचलते आहेस. मी विचारलंसुद्धा, "काय पडलं?" पाच वाजता डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. अडीच ते पाच. आपल्या दुधाच्या चाचणीचा एक ब्लॉट पूर्ण व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

मरणाबद्दल मी थोडंफार वाचलेलं आहे. मरताना माणसं काय बोलतात, कुणाकडे पाहतात, यावर शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय. पेनाला टोपण लावण्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मला दुसरं काहीच आठवत नाही, ते टोपणच आठवतं. टक् असा आवाज झाला होता.

आता भांडणाकडे येतो. तुला ते पाठ आहे, पण हे आणखी कुणी वाचेल म्हणून पहिल्यापासून लिहितो. जे बारावीच्या पोराला सांगता येत नाही ते आपल्यालाच कळलेलं नसतं, असं तूच म्हणायचीस.

गाईला दगडी होते. कास सुजते, कडक होते, दूध नासतं, कधी सडच कायमचं जातं. ती दिसायला लागायच्या आधी दुधातून ओळखता आली तर गावोगावच्या बायकांचे कष्ट वाचतील, ही कल्पना तुझी. तू कोल्हारची, शेणामातीत आणि धारा काढण्यात वाढलेली. दुधातलं एक प्रथिन दगडीच्या सुरुवातीला वाढत असावं असा आपला अंदाज होता. त्याचं नाव उच्चारायला प्राचार्यांना तीन प्रयत्न लागतात, म्हणून इथे त्याला नुसतं आपलं प्रथिन म्हणू.

ते दुधातून हुडकायचं तर अँटिबॉडी लागते. पहिली अँटिबॉडी आपल्या प्रथिनाला जाऊन चिकटते, पण ती चिकटलेली डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला पकडणारी दुसरी अँटिबॉडी सोडायची, जिच्या शेपटीला उजेड पाडणारं रसायन असतं. जिथे दुसरी बसली तिथे फिल्मवर काळा पट्टा उमटतो, जड प्रथिनाचा वर, हलक्याचा खाली. पट्टा दिसला की प्रथिन आहे असं म्हणायचं, आणि माणसं आयुष्यभर तसं म्हणत राहतात.

आपली पहिली अँटिबॉडी आधी सशात तयार केलेली होती. पट्टे फिके यायचे, कधी यायचेच नाहीत. मग कंपनीनं ती बंद केली आणि त्याच प्रथिनाची, पण शेळीत तयार केलेली आली. पहिली शेळीची म्हणून दुसरी शेळीच्या अँटिबॉडीला पकडणारी. फिल्म धुतली आणि पट्टे काळेकुट्ट. आजारी गाईंचे जास्त काळे, निरोगी गाईंचे फिके. आपण उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या होत्या. तू पेढे मागवलेस. मी म्हटलं, अँटिबॉडी चांगली मिळाली.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. त्या दिवशी मला संशय आला होता. फिल्म हातात ओली असताना वाटलं होतं, हे फारच सोपं झालं. मग मी पाणी प्यायला गेलो आणि परत येईपर्यंत तो संशय निघून गेला होता. मी त्याला थांबवलं नाही.

कोल्हारला नमुने गोळा करायला आपण गेलो तो दिवस तुला आवडायचा. प्रवरेचा पूल ओलांडला की तुझी भाषा बदलायची. नगरमध्ये "आहे" म्हणणारी बाई पुलापलीकडे "हाय" म्हणायला लागायची. कमलमावशीनं तुला लहानपणी वाढवलं, तिच्याकडे आपण शेवटी गेलो, कारण तिथे गेलं की उठू देत नाहीत. तिची गाय, कपिली, त्याच सकाळी व्याली होती. आपल्या बाटलीवर तू 'सतरा, निरोगी' अशी चिठ्ठी लावलीस. मावशीनं बाटली घेतली, गोठ्यात गेली आणि भरून आणून दिली. दाट, पिवळसर. आपण साधं दूध मागितलं होतं. दुसऱ्या गाईचं साधं दूध तिच्याकडे होतं. पण नगरहून कॉलेजची माणसं आली आहेत, त्यांना साधं दूध कसं द्यायचं? तिनं पहिल्या धारेचा चीक दिला. उरलेल्या चिकाचा खरवस आपल्याला खायला घातला आणि डब्यात भरूनही दिला. डबा मी मांडीवर धरून नगरपर्यंत आलो. बाटलीत काय आहे ते दोघांनाही दिसत होतं. चीक म्हणजेही दूधच, असं मी म्हणालो आणि तू मान हलवलीस. अँटिबॉडीवर काम करणारी दोन माणसं, मांडीवर खरवस. वासराला आईच्या अँटिबॉडी मिळतात त्या चिकातूनच, हे आपण दोघं दरवर्षी फळ्यावर लिहितो.

सतरा नंबरचा पट्टा सगळ्यांत काळा आला.

इथपर्यंतची गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढची नाही. आपण नियमाप्रमाणे कळवलं की सतरा नंबरच्या गाईला दगडी होऊ घातलीय. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरनं येऊन कपिलीच्या चारी सडांत औषधाच्या नळ्या सोडल्या, इंजेक्शनं दिली. आठ दिवस तिचं दूध ओतून द्यावं लागलं. वासरू दुसऱ्या गाईला लावावं लागलं, ती त्याला लाथा मारायची. मावशीनं तुला फोन केला. तू फोन स्पीकरवर ठेवला होतास, म्हणून मी ऐकलं.

"वैजे, माझ्या गाईला काय बी झालेलं न्हाई. कास लोण्यावानी मऊ हाय. हात लावून बघ यून."

"मावशी, हाताला कळायच्या आधी यंत्राला कळतं."

"व्हय का? पन्नास वरसं झाली मला धारा काढायला."

"तसं न्हाई मावशी, पन यंत्र खोटं बोलत न्हाई."

मग मावशी म्हणाली, "बरं बाई. मंग मी खोटी," आणि फोन ठेवला. कपिलीला पुढेही काही झालं नाही. मावशी तुझ्याशी त्यानंतर बोलली नाही. लग्नकार्यात भेटली तर तुझ्या पोरांना जवळ घ्यायची, तुझ्याकडे पाहायची नाही.

सतरा नंबर मी यादीतून काढला. "बाटली बदलली असणार," मी म्हटलं. "तू चिठ्ठी लावताना गडबड झाली असेल." तू पुष्कळ वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत बसलीस आणि मग सही केलीस. निबंध छापून आला. त्यातल्या चित्रात मी फिल्मचा फक्त पन्नासच्या वजनाजवळचा, आपलं प्रथिन जिथे दिसायला हवं तिथला, तुकडा दाखवला. खाली पंचविसाजवळ आणखी एक फिकट पट्टा होता, तो कापला. सगळेच कापतात, जागा कमी असते. मी जे जे केलं ते ते सगळेच करतात, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल.

मग एक दिवस तू दुसऱ्या वर्षाचा तास अर्धवट सोडून आलीस. बोटांना खडू तसाच. दारातूनच म्हणालीस, "ए दिगू, अँटिबॉडी तोडली तर काय मिळतं?"

"हे तू मला विचारतेस?"

"सांग ना."

"दोन जड साखळ्या, दोन हलक्या."

"वजन?"

"पन्नास आणि पंच..." मी थांबलो.

"पंचवीस," तू म्हणालीस. "खालचा पट्टा कुठे कापून टाकलास तू?"

तू स्टूल ओढलंस आणि खडूच्या बोटांनी टेबलावर काढून दाखवायला लागलीस. तो खडू मी नंतर पुसला, आता वाटतं पुसायला नको होता. "आमच्या आळीत एकाकडे कुत्रं होतं," तू म्हणालीस. "शेळ्या वळवायला शिकवलेलं. शेळी कळपातून फुटली की धरून आणायचं. एकदा माझ्या मामाची कालवड फुटली, तर तिलाबी धरून आणली शेळ्यांत. मामा म्हनला, आरं, ही गाय हाय. मालक म्हनला, त्याला काय म्हाईत? चार पाय, दोन शिंगं, हिरवं खाती. आपली दुसरी अँटिबॉडी तेच कुत्रं आहे, दिगू. तिला शेळीची अँटिबॉडी धरायला शिकवलंय. दूध गाईचं. गाईच्या दुधात गाईच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात. शेळी आणि गाय जवळच्या नात्यातल्या. आपलं कुत्रं गाईचीच धरून आणतंय. आपलं प्रथिन तिथं हायेच कुठं?"

"पण आजारी गाईंत जास्त येतं ते?"

"कास सुजली की रक्तातल्या अँटिबॉडी दुधात उतरतात. मग जास्तच येणार. आणि चिकात तर त्याच असतात नुसत्या. मावशीनं आपल्याला अँटिबॉडीची बाटली भरून दिली, रे. तिची गाय धडधाकट होती."

हे मला तिथेच पटलं. माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं नसेल, कारण मी लगेच वाद घालायला सुरुवात केली. उपाय फार सोपा होता. पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही. नुसती दुसरी सोडायची. तरीही पट्टे आले तर ते आपल्या प्रथिनाचे नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवतो तो पडताळणीचा प्रयोग, कंट्रोल. मी म्हटलं, "तो आपण केलाय." ते खोटं नव्हतं. ससा होता तेव्हा केला होता. शेळी आल्यावर परत करायला हवा होता, तो केला नव्हता. "केलाय" या एका शब्दावर मी वर्ष काढलं. तू बाटलीबरोबर आलेला बारीक अक्षरांतला कागद आणून फ्रिजच्या दारावर चिकटवलास. 'इतर प्राण्यांच्या अँटिबॉडींनाही चिकटू शकते' या ओळीखाली लाल पेनानं रेघ. तो फ्रिज मी रोज उघडत होतो, दिवसातून चार वेळा तरी.

मधल्या काळात सत्कार झाला. निबंधाच्या आधारावर दुधात बुडवायची एक पट्टी तयार करायची ठरली, गावोगावच्या संकलन केंद्रांवर वाटण्यासाठी. शाल अंगावर पडली की माणूस फार हालचाल करत नाही, घसरते. तू म्हणायचीस, "अरे, ताज्या व्यायलेल्या प्रत्येक गाईला ही पट्टी आजारी ठरवेल. आटत आलेल्या गाईलाही, तिच्या दुधातही अँटिबॉडी वाढतात. एकेका कपिलीच्या सडांत नळ्या जातील. आणि बाया सांगतील, आमची गाय चांगली हाय, तर त्यांना कोणीतरी माझ्यासारखी शहाणी म्हणेल, यंत्र खोटं बोलत न्हाई." मी म्हणायचो, "बघू."

"तू स्वतःच लाव ना मग," मी एकदा चिडून म्हटलं. तुझं उत्तर मला तेव्हा हट्टी वाटलं होतं. "मी लावला तर तू म्हणशील, मला हवं तेच मी पाहिलं. तुझ्या हातानं लाव. मला मावशीकडं पुरावा घेऊन जायचंय."

तू गेल्यावर पाचव्या दिवशी, रविवारी, मी प्रयोगशाळा उघडली. कॉलेजला सुट्टी, शिपाई नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी तबला शिकत होतं. फ्रिझरच्या खालच्या कप्प्यात सतरा नंबरची बाटली होती. ती टाकून दे म्हणून मी तुला सांगितलं होतं. तू 'टाकली' म्हणाली होतीस. तुझं ते एकमेव खोटं मला पिशवीत गुंडाळलेलं, बर्फ धरलेलं सापडलं. चिठ्ठीवर 'निरोगी' तुझ्या अक्षरात.

आजारी गाई घेतल्या, निरोगी घेतल्या, सतरा नंबर घेतला. पहिली अँटिबॉडी घातली नाही. नुसती दुसरी. दहाला सुरू केलं, साडेचारला फिल्म धुतली.

काय सांगू, वैजू. मला उत्तर माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. तरी फिल्म हातात आली आणि मी स्टुलावर बसलो तो उठलोच नाही. आपल्या निबंधातलं चित्र जसंच्या तसं. आजारी गाई काळ्या, निरोगी फिक्या, सतरा नंबर डांबरासारखी. पन्नासला पट्टा. पंचविसाला पट्टा. आपलं प्रथिन नाही, त्याला हुडकणारी अँटिबॉडी नाही, काहीच नाही, आणि निबंध मात्र संपूर्ण तयार. मी मोठ्यानं "ए वैजू, बघ" म्हणालो. वरचा तबला थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

साडेसहा तास. वर्षभर जे उद्यावर ढकललं ते साडेसहा तासांचं काम होतं, आणि त्यातले चार तास तर नुसतं बसून राहायचं असतं.

सोमवारी प्राचार्यांना फिल्म दाखवली. त्यांनी ती उलटी धरली होती, पण त्यानं काही बिघडत नव्हतं.

"सर, आता हे कशाला?" ते म्हणाले. "मॅडमच्या नावानं पट्टीचं लोकार्पण करायचं ठरतंय. गेलेल्या माणसाच्या कामाला धक्का लावायचा?"

"त्यांचं काम हेच होतं, सर."

"त्यांच्या स्मृतीचा अपमान होईल हो."

"तो शोकसभेत झाला," मी म्हटलं. "मीही हजर होतो."

त्यांनी फिल्म मला परत दिली. मला वाटतं त्यांना माझी कीव आली. दुःखात माणूस भ्रमिष्ट होतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी मला पंधरा दिवस रजा देऊ केली. मी ती घेतली नाही. माणूस भला आहे, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवारी तुझ्या दहाव्याला कोल्हारला गेलो. नदीकाठी मंडप, माईक, आणि माईकपुढे रांग. तुला ठाऊक आहे आपल्याकडे दहाव्याला किती श्रद्धांजल्या असतात. एका पुढाऱ्यानं तुला 'दूधक्रांतीची जननी' म्हटलं. पुढच्या दहाव्याला जायचं होतं म्हणून ते लवकर उठले. भाऊसाहेब, तुझे यजमान, सगळ्यांना हात जोडत होते, प्रत्येकाला तितकेच. आपण कुणाला हात जोडतोय हे त्यांना दिसत होतं असं मला वाटत नाही. मावशी मंडपात नव्हती. घरी गोठ्यात होती. मी तिथे गेलो.

"कोन, मास्तर का? या. हितंच बसा, बाजंवर."

"मावशी, एक सांगायला आलोय. कपिली आजारी नव्हती."

ती कडबा टाकत होती. टाकत राहिली. "मला म्हाईत हाय की. तुमाला आता कळलं?"

"वैजूला वर्षापूर्वीच कळलं होतं. मी ऐकत नव्हतो. रविवारी मी तपासून बघितलं. तिचं खरं होतं. तुमचं खरं होतं."

"मंग ती मला का न्हाई बोल्ली?"

"पुरावा हातात आल्याशिवाय मावशीपुढं कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणायची."

मावशीनं हातातली पेंडी खाली ठेवली. "पुरावा? मला काय कोरटात जायाचं हुतं, मास्तर? दूध वतून दिलं त्याचं काय न्हाई. वासराचं बी जाऊ द्या. मी खोटी, ह्ये लागलं मला. नुस्ती यून हितं बसली आस्ती तरी झालं आस्तं." मग तिनं विचारलं, "तुमाला तपासाया किती दिस लागलं?"

मी सांगितलं. सकाळी दहा ते साडेचार.

तिनं पेंडी परत उचलली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेंडी टाकून झाल्यावर म्हणाली, "आन् तुमच्या त्या छापील कागदात माझी कपिली आजून आजारीच हाय का?"

"कागदात ती नाहीच, मावशी. मी तिचं नाव काढून टाकलं होतं."

"म्हंजे आजारी बी न्हाई आन् बरी बी न्हाई?"

"नाही."

"आरं द्येवा," मावशी म्हणाली. "मंग बाटली कुनी भरली?"

निघताना तिनं मला बजावलं, "ती गेली. आता तुमी तरी त्यो कागद खोडा. दुसऱ्या कुनाच्या गाईला नळ्या नगा घालू." मी हो म्हटलं. यावेळी उद्या म्हटलं नाही.

काल मी नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचं कळवलं. फिल्म जोडली, कापलेला खालचा पट्टा जोडला, सतरा नंबर जोडला. पट्टी करणाऱ्यांनाही पत्र गेलं आहे. त्यांनी काम थांबवल्याचं तोंडी सांगितलं, लेखी देतील असं म्हणतात. निबंध मागे घेण्यासाठी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. कारण विचारतात आणि खाली तयार पर्याय असतात. त्यात 'प्रामाणिक चूक' असा एक होता. तुझ्यापुरता तो बरोबर होता. माझ्यापुरता मी 'इतर' निवडला आणि पुढच्या चौकटीत लिहिलं की ही शंका सहलेखिकेनं वर्षापूर्वीच काढली होती, कंट्रोलही तिनंच सुचवला होता, आणि तो करायला मी उशीर केला. चौकट पाचशे अक्षरांची होती. तुझ्याबद्दल लिहिताना मला पहिल्यांदाच जागा पुरली नाही, आणि काही कापावंसं वाटलं नाही. 'सहलेखिका हयात नाही' हे वाक्य बसवण्यासाठी मी स्वतःच्या दोन पदव्या खोडल्या.

अर्ज पाठवल्यावर चार मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे ते कुणा माणसानं लिहिलेलं नव्हतं. निबंध मागे घेण्यासाठी सर्व लेखकांची संमती आवश्यक आहे; माझी मिळाली आहे; तुझ्या संमतीसाठी तुझ्या ईमेलवर दुवा पाठवला आहे; आणि उत्तर येईपर्यंत तुला दर तीन दिवसांनी आठवण करून दिली जाईल.